आजोबांचे १००० पौंड आणि जुहूचं पहिलं लायसन्स

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये वाचून टाका.)

 

आजचा विषय विमानांचा आहे, पण खरं सांगायचं तर विमान हे निमित्त. आजचा विषय आहे 'हो' म्हणणाऱ्या माणसांचा. नातू किंवा नात सोळाव्या-सतराव्या वर्षी येऊन म्हणते, "मला विमान उडवायला शिकायचंय." घरात एकदम शांतता. आई म्हणते, आधी बारावी कर. बाबा मनातल्या मनात ईएमआय मोजतात. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले आजोबा विचारतात, "किती पैसे लागतील?"

इतिहासाच्या पुस्तकांत पायलटचं नाव असतं. कोपऱ्यातल्या खुर्चीचं नसतं. म्हणून आज आपण त्या खुर्चीच्या बाजूने गोष्ट बघूया. गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, येते कराचीला आणि जुहूला, मध्येच अमेरिकेत जाते. पण धागा एकच आहे, आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही. तर चला.

बस डिझाइन करणारा मुलगा

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर नावाची काउंटी आहे. तिथलं क्रक्स ईस्टन हे अगदी छोटं गाव. तिथल्या चर्चचे पाद्री होते चार्ल्स डी हॅविलंड. पाद्री म्हटल्यावर मान भरपूर, पैसा बेताचा. त्यांच्या मुलांना मात्र यंत्रांचं वेड. आयव्हन आणि जेफ्री या दोन भावांनी पाद्रीबुवांच्या घरात चक्क जनरेटर बसवून विजेचे दिवे लावले होते. आयव्हन पुढे मोटारींचा डिझाइनर झाला, पण १९०५ मध्ये तरुणपणीच आजाराने गेला.

धाकटा जेफ्री, जन्म १८८२. इंजिनिअरिंग शिकला, एकदोन नोकऱ्या केल्या आणि शेवटी लंडनमध्ये बस बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनर म्हणून लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर सेटल झाला.

आणि मग आलं १९०८. ऑगस्टमध्ये विल्बर राइटने फ्रान्समध्ये ल मान्सजवळ जाहीर उड्डाणं करून दाखवली आणि सगळ्या युरोपला कळलं की हे खोटं नाही, माणूस खरंच उडतोय. तोपर्यंत राइट बंधूंच्या बातम्यांवर युरोपात फारसा कुणाचा विश्वासच नव्हता. बातमी वाचून जेफ्रीने ठरवलं, आपणही विमान बनवायचं.

आता जरा थांबून विचार करा. विमान 'विकत घ्यायचं' असं नाही म्हणाला तो. दुकानं नव्हतीच. शिकवणारं कोणी नाही, क्लास नाही, यूट्यूब नाही. हवं तसं हलकं इंजिन बाजारात मिळत नव्हतं, म्हणून इंजिनसुद्धा स्वतःच डिझाइन करायचं. आणि यासाठी पगाराची नोकरी सोडायची.

पैसे कुठून आणायचे? वडिलांकडे नव्हते. मग तो गेला आईच्या वडिलांकडे. जेसन सॉन्डर्स, ऑक्सफर्डमधले व्यापारी. पैसेवाले, व्यवहारी माणूस. नातवाने त्यांच्याकडे मागितले आणि त्यांनी दिले: १००० पौंड.

रक्कम आज ऐकायला किरकोळ वाटते. पण त्या काळात इंग्लंडमधल्या साध्या कामगाराची दहा वर्षांची कमाईसुद्धा एवढी भरत नसे. आणि हे पैसे कशासाठी? अशा वस्तूसाठी, जी आजोबांनी उडताना बघितली असण्याची शक्यता जवळपास शून्य होती. व्यापारी माणसाला एवढं नक्की कळत असणार की हे पैसे बहुतेक बुडणार.

आणि ते बुडालेच

जेफ्रीने फ्रँक हर्ल नावाच्या मित्राला सोबत घेतलं. लंडनमध्ये फुलहॅमला एक शेड भाड्याने घेतली. इंजिन त्याच्या डिझाइनप्रमाणे एका मोटार कंपनीने बनवून दिलं. जेफ्रीचं याच काळात लग्न झालं होतं. त्याची बायको लुईझ हाताने फिरवायच्या शिवणयंत्रावर पंखांचं कापड शिवत बसायची. म्हणजे बघा, पहिल्या ब्रिटिश विमानांपैकी एक हे घरच्या शिवणकामातून आलेलं आहे.

डिसेंबर १९०९. क्रक्स ईस्टनपासून जवळच सेव्हन बॅरोज नावाचं मोकळं माळरान. विमान उतारावरून धावलं, उचललं गेलं, आणि काही सेकंदांत डावा पंख मोडला. विमान खाली. लाकडाचा चुरा. जेफ्री स्वतः किरकोळ जखमांवर बचावला.

साधारण दीड-दोन वर्षांची मेहनत, आजोबांच्या पैशातला मोठा हिस्सा, आणि हातात काय? काही सेकंदांचं उड्डाण.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे बिल्ड फेल झालं की चहा पिऊन यायचं आणि पुन्हा रन करायचं. 'फेल फास्ट' वगैरे शब्द आम्ही फार सहज वापरतो. पण पुन्हा रन करायला सर्व्हर चालू लागतो, आणि त्याचं बिल कोणीतरी भरत असतं. जेफ्रीच्या बाबतीत ते बिल ऑक्सफर्डच्या म्हाताऱ्याने आधीच भरून ठेवलं होतं. इंजिन वाचलं होतं, थोडे पैसे उरले होते. तो परत शेडमध्ये गेला आणि वर्षाच्या आत दुसरं विमान तयार केलं. अधिक मजबूत, अधिक साधं.

सप्टेंबर १९१० मध्ये ते उडालं. आणि उडवायला शिकवलं कोणी? कोणीच नाही. त्याच विमानावर तो स्वतः शिकला. आधी गवतावर धावायचं, मग इंचभर वर, मग फूटभर, मग एक चक्कर. पैसे संपत आले तेव्हा फार्नबरोच्या सरकारी बलून फॅक्टरीने ते विमान ४०० पौंडांना विकत घेतलं आणि जेफ्रीला डिझाइनर व पायलट म्हणून नोकरीवर ठेवलं.

इथे मला या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसते. आजोबांनी एका यशासाठी पैसे दिले असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते पैसे एका अपयशाला पुरले आणि शिवाय दुसऱ्या प्रयत्नाला पुरले. नेमके पहिल्या विमानापुरतेच असते तर डी हॅविलंड हे नाव आपण कधी ऐकलंच नसतं.

पतंग नावाचं विमान

आता पंधरा वर्षं पुढे जाऊया. पहिलं महायुद्ध होऊन गेलं. १९२० मध्ये डी हॅविलंडने स्वतःची कंपनी काढली. त्याच्या लक्षात आलं की उडणं हे अजूनही सैन्याचं आणि श्रीमंतांचं काम आहे. सामान्य माणसाला परवडेल, शिकाऊ माणसाला झेपेल असं विमानच बाजारात नाही.

मग त्याने २२ फेब्रुवारी १९२५ ला लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावरून एक छोटं, दोन सीटचं, दोन पंखांच्या थरांचं विमान उडवलं. डीएच ६०. पंख मागे दुमडता यायचे, म्हणजे मोठं हँगर नको, साध्या शेडमध्ये मावायचं. जेफ्रीला लहानपणापासून फुलपाखरं आणि पतंग जमवायचा छंद. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो किडा, संक्रांतीचा नव्हे! पंख दुमडून बसणारं विमान बघून त्याने नाव ठेवलं 'मॉथ'. पुढे त्यात 'जिप्सी' नावाचं इंजिन आलं आणि 'जिप्सी मॉथ' जगभर गेलं.

पण नुसतं स्वस्त विमान असून भागत नाही. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने त्याच वर्षी एक योजना काढली: फ्लाइंग क्लबना अनुदान द्यायचं, त्यांना मॉथ विमानं द्यायची, म्हणजे साध्या नोकरदारालाही तासाप्रमाणे पैसे भरून शिकता येईल. ज्यांचे आजोबा जेसन सॉन्डर्स नव्हते त्यांच्यासाठी सरकार थोडंसं आजोबा झालं, असं म्हणा ना.

या योजनेतून कोण कोण आलं? एक उदाहरण सांगते. हल शहरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, लंडनमध्ये वकिलाच्या ऑफिसात टायपिंगचं काम करायची. सुट्टीत स्टॅग लेनच्या क्लबमध्ये उडायला शिकली. विमान घ्यायचं ठरवल्यावर अर्धे पैसे वडिलांनी घातले, उरलेले लॉर्ड वेकफिल्ड या तेलाच्या उद्योगपतीने. ५ मे १९३० ला ती जुन्या जिप्सी मॉथमधून एकटी निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. ती एमी जॉन्सन. वाटेत कराचीला आणि झाशीलाही थांबली होती. आणि गंमत बघा, तिने विमानाचं नाव ठेवलं होतं 'जेसन'. वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा तो ट्रेडमार्क होता, जेफ्रीच्या आजोबांशी काही संबंध नाही. पण योगायोग असावा तर असा.

कराचीचा सतरा वर्षांचा पोरगा

आता येऊया आपल्याकडे. १९२० च्या दशकाच्या शेवटी दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब सुरू झाले. इथेही सरकारी मदत होती, आणि विमान कुठलं? मॉथ.

नोव्हेंबर १९२९ मध्ये आगा खान यांनी बक्षीस जाहीर केलं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड.

तिघे जण उतरले. पहिले मनमोहन सिंग. गोंधळू नका, हे पंतप्रधान नव्हेत, हे रावळपिंडीकडचे वैमानिक. दुसरे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, वय २५, आपले जेआरडी. आणि तिसरा अस्पी इंजिनिअर. जन्म डिसेंबर १९१२, लाहोरचा. म्हणजे वय किती? सतरा!

बरं, हा सतरा वर्षांचा मुलगा नवशिका नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये तो आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडपर्यंत मॉथने गेला होता. बारावीच्या वयात! आता तिथून एकटा परत यायचं होतं.

मनमोहन सिंग इंग्लंडहून निघाले, पण वाटेत फ्रान्समध्ये विमान खाली उतरवावं लागलं. ते भारतात सगळ्यांच्या आधी पोचले, पण महिन्याची मुदत टळून गेली होती. बक्षीस हुकलं. मला ते पात्र फार आवडतं. संकट आलं तेव्हा त्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि विमान वाचवलं.

जेआरडी उलट दिशेने, कराचीहून निघाले. अस्पी इंग्लंडहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरच्या धावपट्टीवर. जेआरडी उतरले तर समोर आणखी एक मॉथ उभं. चौकशी केली तर हा पोरगा अडकलेला. इंजिनचे स्पार्क प्लग खराब झालेत आणि बदलायला जवळ नाहीत. तो प्लग यायची वाट बघत बसला होता.

मंडळी, ही शर्यत आहे. समोरचा प्रतिस्पर्धी स्वतःच्या चुकीमुळे अडकलाय. जेआरडींना काही करायची गरजच नव्हती. 'ऑल द बेस्ट' म्हणून निघून गेले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी स्वतःकडचे जादा प्लग काढून त्याला दिले. अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना देऊ केलं, कारण जेआरडींना पुढे समुद्र ओलांडायचा होता. दोघं आपापल्या दिशेला उडाले.

मे १९३० मध्ये अस्पी कराचीला पोचला आणि जिंकला. जेआरडी थोडक्यात हरले. पुढे जेआरडी म्हणायचे की तो जिंकला हेच बरं झालं, त्यामुळे त्याला हवाई दलात जायला मदत झाली. आणि झालं तसंच. अस्पी क्रॅनवेलच्या प्रशिक्षण संस्थेत गेला, नव्या भारतीय हवाई दलात दाखल झाला, त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. आणि नोव्हेंबर १९६० मध्ये एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांचं अचानक निधन झाल्यावर, डिसेंबरपासून भारतीय हवाई दलाचे प्रमुख कोण झाले? एअर मार्शल अस्पी इंजिनिअर. १९६४ पर्यंत ते पदावर होते.

आजोबांनी नातवाला पैसे देणं आपल्याला समजतं. पण स्वतः पंचविशीत असताना, आपल्याहून आठ वर्षांनी लहान आणि आपल्यालाच हरवू शकणाऱ्या मुलाला स्पार्क प्लग देणं, हे माझ्या मते जास्त कठीण आहे. प्रोत्साहन द्यायला म्हातारं व्हावं लागत नाही, एवढं त्या दिवशी अबुकीरला सिद्ध झालं.

जुहूचा चिखल आणि टाटांचे दोन लाख

जेआरडींना स्वतःला मात्र एक 'नाही' ऐकावं लागलं होतं. त्यांचं बालपण बरंचसं फ्रान्समध्ये गेलं. आर्देलो नावाच्या किनाऱ्यावर कुटुंबाचं सुट्टीचं घर होतं आणि शेजारी होते लुई ब्लेरिओ, १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे पहिले वैमानिक. त्या किनाऱ्यावर विमानं उतरताना बघून या मुलाच्या डोक्यात जे शिरलं ते गेलंच नाही. पुढे केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. पण वडिलांनी १९२५ मध्ये मुंबईला बोलावून घेतलं, कंपनीत काम शिक म्हणून. पुढच्याच वर्षी वडील गेले. केंब्रिज राहिलं ते राहिलंच, आणि याची खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली.

उडण्याला मात्र कोणी अडवलं नाही. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाल्याबरोबर ते तिथे हजर. १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स हातात पडलं. भारतात शिकून मिळवलेलं पहिलं, त्यावर नंबर १.

मग नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेले वैमानिक एक योजना घेऊन आले. इंग्लंडहून येणारं विमानाचं टपाल कराचीपर्यंतच यायचं, पुढे ट्रेन. ते कराचीहून मुंबई आणि मद्रासला विमानाने का नेऊ नये? खर्च साधारण दोन लाख रुपये. टाटा सन्सचे प्रमुख सर दोराबजी टाटा. वय झालेलं, तब्येत बरी नाही, विमानात रस नाही. इथे मध्ये पडले जॉन पीटरसन, टाटांमधले वरिष्ठ अधिकारी आणि जेआरडींचे गुरू. त्यांनी दोराबजींना समजावलं, रक्कम फार नाही, पोराला करू द्या. आणि दोराबजी 'हो' म्हणाले.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केलं, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि जुहूला उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला व्हिन्सेंट घेऊन गेले. विमान होतं पुस मॉथ. कारखाना डी हॅविलंडचाच. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतचा चिखलाचा माळ. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवायचं. याच उद्योगातून पुढे एअर इंडिया झाली.

ऑक्सफर्डच्या आजोबांचे १००० पौंड कुठपर्यंत आले बघा. जुहूपर्यंत!

साडी नेसलेली पायलट

आणि लाहोरपर्यंतही. १९३६ मध्ये लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये २१ वर्षांची एक तरुणी जिप्सी मॉथमध्ये चढली. साडी नेसून. घरी चार वर्षांची मुलगी. तिचं नाव सरला, पुढे सरला ठकराल म्हणून ओळखली गेली. पायलटचं लायसन्स मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक.

तिच्या मागे कोण होतं? नवरा पायलट होता, त्याचा पाठिंबा होताच. पण क्लबमध्ये नाव घालायचा सगळ्यात जास्त उत्साह होता तिच्या सासऱ्यांना. १९३६ सालचे सासरे! सुनेने डोक्यावरचा पदर सांभाळावा की विमानाची कांडी, असा प्रश्न त्या काळात बहुतेक घरांत विचारलासुद्धा गेला नसता.

पण गोष्ट गोड राहिली नाही. १९३९ मध्ये विमान अपघातात नवरा गेला. ती व्यावसायिक लायसन्ससाठी जोधपूरला गेली, तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि नागरी प्रशिक्षण बंद. तिने चित्रकला शिकायला सुरुवात केली, पुढे दागिन्यांचं आणि कापडाचं डिझाइन करून स्वतःच्या पायावर उभी राहिली. पायलट म्हणून करिअर झालं नाही. म्हणून सासऱ्यांचं 'हो' वाया गेलं का? मला नाही वाटत. हिशोब दरवेळी बोर्डिंग पासवरच मांडायचा नसतो.

'हो' आणि ढकलणं यात फरक आहे

आता थोडं अवघड बोलूया. कारण नुसतं "मुलांना पंख द्या" म्हणून हा भाग संपवला तर ते व्हॉट्सॲप फॉरवर्ड होईल.

एप्रिल १९९६, अमेरिका. जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी. विमान उडवत अमेरिका ओलांडणारी सगळ्यात लहान व्यक्ती ठरायचं, असा बेत. सोबत वडील आणि प्रशिक्षक. कॅलिफोर्नियाहून निघाले, कॅमेरे मागे, मुलाखती ठरलेल्या. दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, वायोमिंगमधल्या शायेनला हवामान बिघडत होतं. विमानात वजन जास्त होतं. तरी निघाले. उड्डाणानंतर लगेच विमान कोसळलं. तिघंही गेले.

चौकशीत ठपका आला तो बिघडत्या हवेत निघण्याच्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर. आणि वेळापत्रक गाठायच्या दबावाचीही त्यात नोंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: लायसन्स नसलेल्या मुलांच्या हातात विमान देऊन असे विक्रम करायचे नाहीत.

आता ही गोष्ट मनमोहन सिंगांच्या शेजारी ठेवून बघा. त्यांनाही मुदत होती, बक्षीस होतं. पण थांबायचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या हातात होता आणि तो त्यांनी घेतला. सात वर्षांच्या मुलीच्या हातात तो नव्हताच. जेसन सॉन्डर्सनी पैसे देताना 'अमुक तारखेपर्यंत उडून दाखव' असं वेळापत्रक लावलं असतं, तर जेफ्रीने मोडक्या पंखाची घाईघाईत डागडुजी केली असती, आणि कदाचित दुसरं उड्डाण शेवटचं ठरलं असतं.

म्हणजे प्रोत्साहनाची परीक्षा साधी आहे. मुलाला माघार घेता येते का? "आज हवा बरी नाही, मी नाही जाणार," असं म्हणायची त्याला सोय आहे का? सोय असेल तर ते प्रोत्साहन. नसेल तर मोठ्यांची हौस.

आणि सगळं नीट करूनही किंमत मोजावी लागते, हेही खोटं नाही. खुद्द जेफ्री डी हॅविलंडचे दोन मुलगे वडिलांच्याच कंपनीची विमानं उडवताना गेले. जॉन १९४३ मध्ये, हवेत दोन विमानांची टक्कर होऊन. थोरला जेफ्री २७ सप्टेंबर १९४६ ला, अतिवेगाच्या प्रायोगिक विमानाची चाचणी घेताना. ज्या लुईझने पहिल्या विमानाचे पंख शिवले होते, ती १९४९ मध्ये गेली. तरी म्हातारा काम करत राहिला. याला जिद्द म्हणायचं की आणखी काही, हे मी तुमच्यावर सोडते. घरच्यांना भीती वाटते तेव्हा ती भीती मूर्खपणाची नसते, एवढं मात्र तरुण मंडळींनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आज काय?

तुमच्यापैकी कोणी सोळा-सतराचं ऐकत असेल तर कामाची माहिती. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार स्टुडंट पायलट लायसन्स सोळाव्या वर्षी मिळू शकतं, दहावी पास हवं आणि मेडिकल हवं. प्रायव्हेट लायसन्स सतराव्या वर्षी, कमर्शियल अठराव्या वर्षी. कमर्शियलचा खर्च लाखांच्या मोठ्या आकड्यात जातो, अर्ध्या कोटीच्या आसपासच्या गप्पा असतात. प्रत्येकाकडे असे आजोबा नसतात, मान्य.

पण एनसीसीची एअर विंग आहे. तिथे कॅडेट्सना मायक्रोलाइट विमानात उडण्याचा अनुभव मिळतो आणि त्यासाठी श्रीमंत घर लागत नाही. कॉलेजमध्ये चौकशी करा.

आणि घरचे आजोबा म्हणजे दरवेळी पैसाच असं नाही. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. सहा सीटचं! २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी बघितलं, आणि २०१९ मध्ये त्याला चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली. वर्षानुवर्षं गच्ची अडवून ठेवू देणं हासुद्धा मोठा होकार आहे. मुंबईत गच्चीची किंमत मी काय सांगू!

जाता जाता एक शेवटचं चित्र. १५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या टपालाच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. जेआरडी ७८ वर्षांचे. चार वर्षांपूर्वीच सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं होतं. ते पुन्हा कराचीला गेले, लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या विमानात एकटे बसले आणि तोच प्रवास करून जुहूला उतरले. का केलं विचारल्यावर त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: देशात निराशा वाढलीये, तरुणांना थोडी उमेद यावी. ७८ व्या वर्षी भाषण न करता स्वतः कॉकपिटमध्ये बसून त्यांनी ते सांगितलं. विमान अर्थातच डी हॅविलंडचं.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या बाबतीत ती कोपऱ्यातली खुर्ची कोणाची होती? आजी, मामा, शाळेतल्या बाई, क्लासचे सर, कोणीही. त्यांना एक फोन करा. आणि आपल्याहून लहान कोणी कुठे स्पार्क प्लगसाठी अडकलंय का, तेही जरा बघा. आपल्याकडे एखादा जादा निघतो बहुतेक.

भाग आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः "आधी बारावी कर" म्हणणाऱ्यांना. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या!